कडुलिंबाची हजेरी

मी गेले, असं ‘आडवाट’च्या पहिल्याच पानावर छापून आलं, तेव्हा मी वारज्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात तांदळाची पेज ढवळत उभी होते. दवाखान्यातून आदल्याच दिवशी सुटले होते. गुडघ्यांत जीव नव्हता, तोंडाला चव नव्हती, आणि ओट्यावर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपवर माझी श्रद्धांजली! ‘कडुलिंब आता आपल्यात नाही. तिच्याशिवाय हे काम उभं राहिलं नसतं.’ खाली कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मेणबत्त्यांची चित्रं चिकटवलेली. मी बघत राहिले आणि पेज उतू गेली.

कडुलिंब हे माझं तिथलं नाव. खरं नाव कौशल्या. माहेर अंबाजोगाई, सासर नाहीच. पुण्यात आले तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघत होते. पुढे हडपसरकडे शेतांमधून काचेच्या इमारती उगवल्या, त्यांत पहिल्या खेपेला ज्या शिरल्या त्यांतली मी. वीसेक वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त केले. मग एके दिवशी माझ्या निम्म्या वयाच्या एका मुलीनं मला खोलीत बोलावलं, ‘तुमच्या इथल्या प्रवासाबद्दल आभार’ म्हणाली आणि गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. प्रवास डोंबलाचा! त्यानंतर माझ्याकडे राहिलं ते दोन खोल्यांचं घर आणि आडवाट.

आडवाट म्हणजे काय, ते शकूला सांगितलं होतं तसंच सांगते. शकू माझ्या खालच्या मजल्यावर पोळीभाजी केंद्र चालवते. तिला म्हटलं, समज तुला कुणाला निरोप द्यायचाय, पण तू दिलास हे कळता कामा नये. तर तू तो तिसरीकडे द्यायचा, तिनं चौथीकडे, चौथीनं पाचवीकडे. अख्खी वाट कुणालाच ठाऊक नाही. तसंच हे, फक्त कंप्युटरवर. प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट आणि उघडा, कुणीही आत डोकावून बघावं. वाटेतले कंप्युटर लोकांनी आपणहून दिलेले. शकू म्हणाली, ‘म्हणजे चहाडीचं उलटं.’ इतक्या वर्षांत इतकं नेमकं मलाही सांगता आलेलं नाही.

कोण वापरतं हे आम्हालाही कळत नाही, मुद्दामच तसं केलंय. एकदाच कुणीतरी लिहून गेलं होतं, ‘नवऱ्याला न कळता आईशी बोलता आलं. आभार.’ आठ वर्षांतली तेवढीच एक पोचपावती.

चालवणारे आम्ही तिघं. मी, टिटवी, आणि भोपळा नावाचा एक प्राणी, जो वर्षातून दोनदा तोंड उघडायचा. एकमेकांचं खरं नाव, गाव, वय विचारायचं नाही, कारण एकाला पोलिसांनी, नाहीतर आणखी कुणी धरलं तर त्याच्याकडून दुसऱ्यापर्यंत पोचता येऊ नये. टिटवी मराठी आहे हे कळलं, कारण एकदा सगळं बंद पडलं तेव्हा तिथून ‘आयला, बोंबललं’ असं आलं. तेव्हापासून आम्ही दोघं मराठीत. म्हणजे मराठीत भांडायचो. टिटवीचं काम गचाळ. चालायचं चोख, पण लिहिलेलं असं की वाचणाऱ्यानं कपाळ बडवून घ्यावं. मी रोज सकाळी चहा घेत तिच्या चुका काढायचे आणि ती ‘झालं’, ‘केलंय’, ‘बघतो-बघते जे काय असेल ते’ अशी उत्तरं द्यायची. बाई की बाप्या याचा पत्ता लागू दिला नाही. मी मात्र बाई असल्याचं कधी लपवलं नाही. भांडताना तेवढं भान कोण ठेवतंय? टिटवी हा शब्द बाईमाणसाचा, म्हणून मी मनातल्या मनात तिला मैत्रीण करून टाकलं होतं. दिवसभरात मी जेवढं बोलायचे त्यातलं निम्मं तिच्याशीच असायचं.

आता तो नियम. दर महिन्याच्या एक तारखेला तिघांनी हजेरी लावायची. आपापली किल्ली, म्हणजे पेन ड्राइव्हवरची एक गुप्त फाइल, ती वापरून सही करायची: मी ठीक आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही. सोबत त्या दिवशीच्या पेपरातला एक मथळा, म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं नाही हे कळावं. तीन तारखेपर्यंत हजेरी आली नाही तर त्या माणसाला कुणीतरी धरलंय असं समजायचं आणि त्याची किल्ली कायमची रद्द करायची. मग तो परत आला, रडला, शपथा घातल्या, तरी घ्यायचं नाही. धरून ठेवणारा माणूस त्याच्याकडून हेच तर वदवून घेईल. हे शेवटचं कलम माझं. भोपळा म्हणाला होता, जरा कठोर वाटतंय. मी म्हणाले होते, मग भजनी मंडळ काढ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या महिन्याच्या अखेरीस मला डेंग्यू झाला. जिन्यात पडलेली शकूला सापडले. तिनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नर्सनं ‘पेशंटचं कोण?’ विचारलं तेव्हा ‘मीच’ म्हणाली आणि सही ठोकली. माझा भाऊ शंभू अंबाजोगाईहून आला, ‘अक्का, एकटीनं राहायचं हे वय हाय का?’ असं रोज एकदा विचारून दोन दिवसांनी गेला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. एक तारीख आली. मी शकूला म्हणाले, माझा लॅपटॉप आण. ती म्हणाली, ‘ताई, मरायला टेकलात आणि लॅपटॉप कसला मागताय?’ मला ताप इतका होता की पुढचं काय बोलले ते आठवत नाही. तिच्या सांगण्याप्रमाणे मी छताकडे बघून ‘हजर, हजर’ म्हणत होते.

तर अशी मी गेले.

वाईट त्याचं नव्हतं. नियम म्हणजे नियम. वाईट होतं ते पुढचं. टिटवीनं माझी किल्ली रद्द केली, आणि मग माझ्या काळजीपोटी आमचं आठ वर्षांचं सगळं बोलणं पुसून टाकलं. मला कुणी धरलं असेल तर त्यांच्या हाती माझ्याविरुद्ध काही लागू नये म्हणून. माझी भांडणं, माझे टोमणे, मी सुचवलेल्या दुरुस्त्या, सगळं साफ. आणि मला शोधायचा कुणी प्रयत्नही केला नाही, कारण शोधणाऱ्याच्या मागोमाग पोलीस माझ्या दारात आले असते. माया होती म्हणून पुसलं, माया होती म्हणून शोधलं नाही. रागवायचं तरी कुणावर? पेजेचं भांडं घासून ठेवलं आणि आडवाटेच्या सार्वजनिक गप्पांच्या खोलीत ‘पाहुणा’ म्हणून शिरले.

लिहिलं, ‘टिटवे, मी आलेय. डेंग्यू झाला होता.’

उत्तर यायला वेळ लागला. ‘नमस्कार. आपण कोण आहात हे आम्हाला तपासता येत नाही. कडुलिंब या नावानं कुणी आल्यास त्यास उत्तर देऊ नये असा नियम आहे. क्षमस्व.’

आपण! आठ वर्षं अगं-तुगं करून, आयमाय काढून, आणि आज ‘आपण’. मी फक्त आम्हा तिघांनाच ठाऊक असलेलं काहीबाही लिहीत गेले. ते ‘आयला, बोंबललं’. ते भजनी मंडळ. उत्तर नाही. बरोबरच होतं. माझ्याकडून हे कुणीही उगाळून घेतलं असतं. टिटवीच्या जागी मी असते तर ‘आपण’सुद्धा म्हणाले नसते, सरळ हाकलून दिलं असतं. हे सगळं मला कळत होतं, तरी दिवसभर मी त्या खोलीतून उठले नाही.

त्यातच आडवाटेच्या पानावर मंजुरीची बातमी आली. युरोपातल्या एका संस्थेकडे मदतीसाठी मी दोन वर्षं अर्ज करत होते. दर वेळी ते विचारायचे, वापरणारे किती? दर वेळी मी लिहायचे, मोजता येत नाहीत, हेच तर काम आहे. तिसऱ्या अर्जाला त्यांना ते पटलं. मी दवाखान्यात असतानाच पत्र आलं. तीन वर्षं तिघांना पगार मिळणार, नवे कंप्युटर मिळणार, आजवर चालढकल केलेली सगळी कामं होणार. अट एकच होती, तीही मीच कबूल केलेली. सुरुवातीच्या काही महिन्यांत संस्थेची माणसं निरनिराळी सोंगं घेऊन आत शिरायचा प्रयत्न करतील. गोड बोलून, रडून, ओळख सांगून. एकजण जरी आत शिरला तरी मदत बंद. माझी जागा रिकामी म्हणून जाहीर झाली. ‘कडुलिंबाच्या जागी काम करायला इच्छुकांनी लिहावं.’

शकूला सांगितलं तर ती म्हणाली, ‘एवढंच ना? आधार कार्ड दाखवा की!’

मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले. कोणी कुणाला ओळखू नये म्हणून जन्म घालवला आणि आता आधार कार्ड दाखवायचं. हसता हसता डोळे पुसायला लागले, तेव्हा शकूनं माझ्यापुढे वाटीभर शिरा ठेवला आणि खाली निघून गेली. चांगली बाई आहे. पण तिच्याशी मी टिटवीबद्दल बोलू शकत होते, टिटवीशी बोलावं तसं बोलू शकत नव्हते. मला माझी जागा परत हवी होती. पगाराचं सोडा, तो नसतानाही आठ वर्षं काढली. मला सकाळी चहाबरोबर कुणीतरी भांडायला हवं होतं.

आणि गुरुवारी त्या पाहुण्याच्या खात्यावर खासगी निरोप आला.

‘तूच आहेस, माहितेय मला. असं कुणाला भांडता येत नाही. तू कुठे असतेस माहीत नाही, मी पुण्यातच असतो. हडपसर, गाडीतळाजवळ उडप्याचं हॉटेल आहे, शनिवारी सकाळी दहाला ये. कोपऱ्यातलं टेबल, लॅपटॉप असेल. तुला बघितलं की तिथल्या तिथे तुझी नवी किल्ली घालतो. भोपळ्याला काही सांगायचं नाही.’

म्हणजे टिटवी बाप्या निघाला. आणि हडपसर! ज्या रस्त्यानं मी वीस वर्षं कंपनीच्या बसनं गेले-आले, त्या रस्त्यावर तो राहत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी दोन दिवस निरोप उघडून वाचत होते. हा सापळा असू शकतो, हे मला कळत होतं. संस्थेचा माणूस टिटवीच्या नावानं लिहीत असेल. किंवा ज्यांना आडवाट नको आहे त्यांच्यापैकी कुणी. नियम सांगतो, जायचं नाही. तरी गेले. मला जायचंच होतं, दुसरं कारण नाही. मोतिया रंगाची साडी नेसले. स्वतःशीच लाजले, पण बदलली नाही.

शनिवार म्हणून हॉटेल भरलेलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर साठीच्या आसपासचा एक माणूस एकटाच बसला होता. काळासावळा, हाफ स्वेटर, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. केस पाणी लावून बसवले होते. दाराकडे बघत होता. मी जवळ गेले तसा अर्धवट उठला आणि अगदी हळू म्हणाला, ‘कडुलिंब?’

मी ‘हो’ म्हणणारच होते. ओठांवर आलं होतं. पण लॅपटॉप माझ्या बाजूला वळवून ठेवलेला होता आणि माझं लक्ष तिकडे गेलं. ते पान मीच लिहिलेलं, नव्या माणसाला आत घ्यायचं. त्यात माझं नाव आधीच भरलेलं. त्याची पेन ड्राइव्ह आधीच लावलेली. एक बटण दाबायचं बाकी होतं. त्यानं मला काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हता. कुठलीही बाई त्या दारातून आली असती आणि ‘हो’ म्हणाली असती, तर त्यानं ते बटण दाबलं असतं. दहा-पंधरा दिवस कुणी भांडलं नव्हतं म्हणून त्या माणसानं अख्खी आडवाट टेबलावर मांडून ठेवली होती. ती नवऱ्याला न सांगता आईशी बोलणारी बाई, तीसुद्धा त्या टेबलावर होती.

‘कोण?’ मी म्हणाले. ‘नाही हो. दुसरीकडे जागा नाही. बसू का इथं?’

त्याचा चेहरा उतरला. ‘बसा ना आपण,’ म्हणाला आणि लॅपटॉप घाईनं आपल्याकडे वळवून घेतला.

मी समोर बसले. खरं सांगून मग किल्ली नको म्हणता आलं नसतं का? नसतं. हा समोर ‘बरं’ म्हणाला असता आणि घरी जाऊन गुपचूप घातली असती. आठ वर्षं ओळखते मी त्याला. आणि आज माझ्यासाठी नियम मोडला की उद्या माझं नाव सांगणाऱ्या कुणासाठीही मोडणार. वेटर आला. ‘धोंडिबाकाका, अजून एक?’ म्हणाला. एवढी वर्षं जे नाव आम्ही जिवापाड जपलं ते त्यानं चहाच्या कपाबरोबर टेबलावर ठेवलं. मी बिनसाखरेचा चहा सांगितला.

‘माफ करा हं,’ धोंडिबा म्हणाले, ‘माझी एक मैत्रीण यायचीय. मला वाटलं तुम्हीच.’

‘दिसायला कशी आहे? आली तर सांगते.’

‘ते माहीत नाही. कधी बघितलं नाही.’

‘मग ओळखणार कसं?’

ते हसले. पुढचे दोन दात जरा लांब लांब होते. ‘ती भांडतच येईल हो. बस उशिरा आली म्हणून माझ्याशी, चहा गोड झाला म्हणून वेटरशी. लगेच कळेल.’

चहा आला. गोड मिट्ट, पाकच. वेटर समोरच उभा होता. धोंडिबा माझ्याकडे बघत होते की नाही, मला माहीत नाही, मी वर बघितलंच नाही. ‘छान झालाय,’ मी म्हणाले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मग ते आपणहूनच बोलायला लागले. अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, हिरा, आजारी होती. महिनाभर त्यांना काम जमलं नाही. ‘माझ्या ह्या मैत्रिणीनं काय झालंय म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. माझं सगळं काम करून ठेवलं आणि वर रोज शिव्या, की तुझं लिखाण किती गचाळ. रोज. हिरा गेली त्या दिवशीपण आल्या शिव्या. घरात सगळे रडत होते आणि मी आत जाऊन त्या वाचत होतो. मला तेवढाच आधार होता.’

मला हे ठाऊक नव्हतं. मी खरोखरच फक्त चिडले होते. मी टेबलाखाली पदराचं टोक मुठीत धरून बसले आणि म्हणाले, ‘फटकळ दिसतेय बाई.’

‘फटकळ? अहो, जिभेला हाड नाही! पण खरी.’

बारा वाजत आले. दार उघडलं की ते मान उचलायचे. एकदा एक जाडशी बाई मुलाला ओरडत आत आली तेव्हा ते उभेच राहिले. मग बसले. शेवटी त्यांनी ते पान बंद केलं, पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवली.

‘नाही आली?’ मी विचारलं.

‘नाही. म्हणजे तिच्या नावानं दुसरंच कुणी बोलत होतं. मला फसवत होते.’ त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. ‘वेडाच मी. ती असती तर आलीच असती. म्हणजे ती खरंच गेली.’

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. ते थोडं पाणी प्यायले, माझ्याही चहाचे पैसे देऊन आले, मी नको नको म्हणत असताना. ‘तेवढंच बोलणं झालं तुमच्याशी, बरं वाटलं,’ म्हणाले. ‘येतो.’

‘या,’ मी म्हणाले.

बसमध्ये मला खिडकी मिळाली. वारजं येईपर्यंत बाहेर बघत होते. शकू जिन्यातच भेटली. ‘भेटली का मैत्रीण?’

‘भेटली.’

‘मग झालं काम?’

‘झालं,’ मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी चहा टाकला आणि आडवाट उघडली. टिटवीचं निवेदन होतं, सगळ्यांना दिसेल असं. ‘कडुलिंब या नावानं आलेले निरोप खोटे होते. त्यांवर विश्वास ठेवून मी नियम मोडायला निघालो होतो. ही चूक माझी. सुदैवानं नुकसान झालेलं नाही. शेवटचं कलम जसं आहे तसंच ठेवावं. ते लिहिणारीला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तिची जागा लवकर भरावी, काम थांबू नये.’

त्याच्या प्रत्येक ओळीत मी चूक काढत आलेय. ह्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. एकही सापडली नाही, आणि मी ओट्याला टेकून मोठ्यांदा रडले.